कार्यशाळा शिक्षकांसाठी की शिक्षकांची?

(शिक्षक आणि पक्षकार्यकर्ते यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)



इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात 'वर्कशॉप' या शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावात पुढे अवजड यंत्रसामग्रीचा कारखाना उभा राहिला आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही तेथे घडू लागले. तेथल्या फिटरसमोर किंवा टर्नरसमोर जो भाग घडवावयाचा तो प्रत्यक्ष टेबलावर असतो. माप चुकले असेल तर तो भाग जागेवर बसत नाही. मग माप पुन्हा घेतले जाते, कानस पुन्हा चालते, शेजारचा जाणता कामगार येऊन दोन शब्द सांगतो. शिक्षणक्षेत्राने हाच शब्द 'कार्यशाळा' म्हणून स्वीकारला. मात्र बारामतीला किंवा इंदापूरला 'नावीन्यपूर्ण अध्यापन' या विषयावर शिक्षकांची कार्यशाळा भरते तेव्हा सभागृह असते, पडदा असतो, दीपप्रज्वलन असते, तज्ज्ञ मार्गदर्शक असतात, शेवटी प्रमाणपत्र आणि छायाचित्र असते. ज्याला शिकवावयाचे ते मूल मात्र तेथे नसते. टेबलावर काहीच नाही, आणि तरीही माप बरोबर आले असे सायंकाळी जाहीर होते.

एवढ्यावरून कार्यशाळा म्हणजे सरकारी करमणूक, असा शेरा मारून मोकळे होणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. तो शेरा आळशीपणाचा आहे. खेड्यातील शिक्षक हा फार एकाकी कामगार असतो. कारखान्यातील कामगाराच्या शेजारी दुसरा कामगार असतो, शेतकऱ्याच्या बांधाला बांध लागून असतो. वस्तीवरच्या दुशिक्षकी शाळेतील गुरुजी किंवा बाई वर्षानुवर्षे दुसऱ्या कोणाचा वर्ग पाहत नाहीत, आणि त्यांचा वर्गही दुसरा कोणी पाहत नाही. तपासणी होते, परंतु पाहणे आणि तपासणे यांत अंतर आहे. अशा माणसाला आपल्या कामाविषयी आपल्यासारख्यांशी बोलण्याची जागा मिळणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. कार्यशाळा हव्यात की नकोत, हा वाद त्यामुळे व्यर्थ आहे. त्या कोणाच्या मालकीच्या असाव्यात, हा खरा वाद आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चावरील त्यांची टीका सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनातील शिक्षकांविषयीचा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. गावच्या शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावा, नांगर धरण्याची किंवा सुताराचे हत्यार हाती घेण्याची त्याला लाज वाटू नये, त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान असावे, आणि त्याचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी त्याहून अधिक असावा, अशा मागण्या त्यांनी केल्या. शिक्षकाकडे गावचे टपाल, मुद्रांकविक्री, हिशेबतपासणी अशी कामे द्यावीत असेही त्यांनी सुचवले होते. शिक्षकांच्या प्राप्तीत आणि गावातील वजनात भर पडावी, हा त्यामागील हेतू होता. आज मतदारयाद्यांपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची कामे शिक्षकाकडे आलेली आहेत. पगार त्याने वाढत नाही, वजनही वाढत नाही, आणि वर्गातले तास तेवढे कमी होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अपवादाची कामे ठेवली आहेत. कायदा पुस्तकात आहे.

पुढे १९६६ साली कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राच्या खेड्यांत काम केलेले गृहस्थ होते. एखादे माध्यमिक विद्यालय आणि त्याच्या परिसरातील प्राथमिक शाळा यांचे एक संकुल करावे, तेथील शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या कामाची चर्चा करावी, शाळांचा एकाकीपणा मोडावा, अशी कल्पना त्या अहवालात आहे. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशीही त्यात शिफारस आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने वर्षाला ५० तासांचा आकडा दिला आहे. दिवसाला सहा तास धरले तर पाच वर्षांत हे चाळीसेक दिवस होतात. पन्नासहून अधिक वर्षांच्या प्रगतीनंतर शिफारशीचे मापच आखूड झाले आहे.

संकुलाच्या कल्पनेचे धाकटे रूप म्हणजे आपल्याकडचे केंद्र. १९९४ साली राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक. त्याने शाळाशाळांत जावे, वर्गात बसावे, महिन्याला शिक्षण परिषद घ्यावी, एका शाळेतील चांगली गोष्ट दुसऱ्या शाळेत न्यावी. योजना उत्तम होती. परंतु पदे रिकामी राहत गेली, आणि २०२३ साली २,३८४ पदांच्या भरतीची जाहिरात काढावी लागली. म्हणजे जवळजवळ अर्धी माणसे जागेवर नव्हती. शिक्षकांची खरी कार्यशाळा जेथे भरावयाची ते घरच असे ओसाड ठेवून तालुक्याच्या सभागृहात नावीन्याचे सोहळे करणे, याला काय म्हणावे?

इंदापूरच्या मातीला वरून आलेल्या शास्त्रशुद्ध योजनांचा अनुभव फार जुना आहे. १८३० च्या सुमारास मुंबई सरकारचा प्रिंगल नावाचा अधिकारी पुणे जिल्ह्यात जमीन-पाहणीला आला. लागवडीचा सर्व खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याच्या ठरावीक हिश्श्यावर सारा बसवावयाचा, ही त्याची पद्धत. विलायतेत शिकवल्या जाणाऱ्या अर्थशास्त्राच्या कसोटीवर ती निर्दोष होती. इंदापूर तालुक्यात ती लागू झाली तेव्हा कागदावरचे उत्पन्न शेतात सापडेना. सारा डोईजड झाला, जमिनी पडीक पडल्या. १८३५ साली गोल्डस्मिड आणि पाठोपाठ विंगेट तेथे आले. त्यांनी शेताशेतांतून मातीची खोली आणि प्रत पाहिली, दर उतरवले आणि ते ३० वर्षांसाठी बांधून दिले. अर्थात हेही परक्या सरकारचेच नोकर. मुदत संपताच सारा वाढला, आणि सावकारी पाशात सापडलेल्या कुणब्यांचा उद्रेक १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुप्याच्या बाजारात झाला. पण मातीला हात लावून ठरवलेला दर आणि कागदावर ठरवलेला दर यांतील फरक त्या पिढीने स्वतःच्या शेतात भोगून पाहिला होता.

शिक्षणातही असेच आहे. नवी पद्धत कोणत्या मातीतून वर आली हे पाहिल्यावाचून तिचे मोल कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे केले ते यासाठी आठवावे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. मुले येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडी निघाली. थोडी मोठी मुले गुरांमागे जातात तर शाळेने गुरांमागे जावे, यातून कुरणशाळा निघाली. यांपैकी काहीही कोणा मार्गदर्शकाच्या पडद्यावरून आले नव्हते. पुढे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्यामागचा प्रश्न विचारण्याची सवय मात्र शब्दाबरोबर गेली नाही.

अलीकडचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी ज्ञानरचनावादाच्या आधारे वर्ग बदलले. मुले गटांत बसून, वस्तू हाताळून, आपसांत बोलून शिकू लागली. ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर झाला. पाहायला गेलेल्या शिक्षकांपैकी पुष्कळांनी मनापासून काम केले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण राज्यभराच्या मोहिमेत जे सहज नकलून नेता येते तेच आधी पोहोचते. फरशीवरची रंगीत आखणी पोहोचली, तक्ते पोहोचले. कुमठ्याच्या शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून केलेली चर्चा पोहोचवायला रंग पुरत नाही. भीमेपलीकडच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांच्या क्यूआर कोडचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र एका शिक्षकाने आपल्या वर्गासाठी काढलेला उपाय सर्वांना लागू केला की तो उपाय राहत नाही, त्याचा नियम होतो. आणि नियम पाळणाऱ्याला प्रश्न विचारावा लागत नाही.

आता बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे पाहू. नीरेच्या कालव्याखालचा बागायती पट्टा, आणि सुपे-मोरगावकडचा पाण्यासाठी झुरणारा जिरायती भाग, हे एकाच बारामती तालुक्याचे दोन चेहरे आहेत. बारामती शहराजवळ विज्ञान आणि नवोपक्रम केंद्राची देखणी इमारत उभी आहे. २०२२ च्या जूनमध्ये तिचे उद्घाटन उद्योगपती गौतम अदानी यांच्या हस्ते झाले. मुलांनी ते केंद्र अवश्य पाहावे. पण सहलीच्या एका दिवसानंतर जिरायती गावातील मूल ज्या शाळेत परत जाते तेथे बहुधा दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात. कायद्याने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतला एक कार्यशाळेला गेला की दुसऱ्यापुढे चारही इयत्ता बसतात. आणि कार्यशाळेत दाखवला जाणारा आदर्श पाठ असतो तो एका इयत्तेचा, एका विषयाचा, पस्तीस मिनिटांचा! दोन इयत्तांना एकाच वेळी कसे शिकवावे, एका गटाला कशात गुंतवून दुसऱ्याकडे वळावे, ही बहुवर्ग अध्यापनाची विद्या त्या शिक्षकाची रोजची भाकर आहे. तिच्याविषयी सभागृहात चकार शब्द निघत नाही, कारण मार्गदर्शकाने असा वर्ग स्वतः चालवलेला असतोच असे नाही.

दुसरा प्रश्न याहून बिकट आहे. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांची धुराडी पेटली की बीड आणि नगरकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो; त्यांची मुले कोणत्याच मोजणीत नसतात. नोव्हेंबरात कोपीतून एखादे आठ वर्षांचे मूल जवळच्या शाळेत येते. गावाकडे ते दुसरीत असते; अर्धी अक्षरे येतात, बेरीज बोटांवर येते, धाकट्या बहिणीला सांभाळण्याची जबाबदारी पूर्ण येते. मार्चपर्यंत ते राहील किंवा फड बदलला तर जानेवारीतच जाईल. या मुलाला चार महिन्यांत वाचते कसे करावे? शिक्षण हमी पत्रक हाती देऊन त्याची नोंद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते; त्याचे शिकणे जाते की नाही, हे पत्रकाला ठाऊक नसते. नावीन्यपूर्ण अध्यापनाला याहून मोठा विषय साऱ्या महाराष्ट्रात सापडणार नाही, आणि तो कारखान्याच्या कुंपणाला लागून आहे.

विषयांची वाण नाहीच. उजनीचे पाणी १९८० च्या सुमारास चढले तेव्हा पळसदेवचे जुने गाव बुडाले. दुष्काळी वर्षी पाणी उतरते आणि जुने मंदिर वर येते. धरण, विस्थापन, बाष्पीभवन, पाण्याची मोजणी, आजोबांची आठवण, हे सारे एका उन्हाळ्यातल्या पाठात मावते. भिगवणच्या मच्छीमाराच्या मुलाला पक्ष्यांची आणि माशांची जी नावे येतात ती पुस्तकात नाहीत. शिक्षकाला हे दिसत नाही असे नव्हे. दिसलेल्या गोष्टीचा पाठ करण्यासाठी लागणारा वेळ त्याच्याजवळ नसतो, आणि त्या पाठाला कोणत्याही रकान्यात जागा नसते.

रकान्यांचा विषय निघालाच आहे तर नवोपक्रम स्पर्धांविषयीही बोलले पाहिजे. राज्य पातळीवर अशा स्पर्धा होतात. गरज, उद्दिष्टे, कार्यवाही, पुरावे, निष्कर्ष या क्रमाने अहवाल लिहावयाचा असतो. लिहिण्याची शिस्त शिक्षकाला उपयोगी आहे. पण स्पर्धेत बक्षीस यशालाच मिळते. म्हणून प्रत्येक अहवालात उपक्रम यशस्वी होतो, प्रत्येक मूल प्रगत होते. फसलेल्या प्रयोगाला तेथे जागा नाही. वालचंदनगरच्या फिटरला विचारा, न बसलेल्या भागाने त्याला किती शिकवले!

'शून्य खर्चाचे नवोपक्रम' या घोषणेकडेही सावधपणे पाहावयास हवे. टाकाऊतून टिकाऊ करण्याची शिक्षकाची हातोटी कौतुकास्पद आहे. खडे, चिंचोके आणि काड्या यांनी गणित शिकवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. परंतु खर्च शून्य नसतो. तो शिक्षकाच्या खिशातून, रात्रीच्या वेळेतून आणि पुष्कळदा घरातल्या बाईच्या श्रमातून येतो. शून्य असतो तो फक्त सरकारच्या वहीत. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपयांचे संयुक्त अनुदान ठरलेले आहे. वीज, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सर्व त्यातच भागवायचे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. २०२४ च्या सप्टेंबरात अशा शाळांत एका शिक्षकाच्या जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला, आणि २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. शाळा राहील की नाही याची खात्री नसलेल्या शिक्षकाला सर्जनशीलतेचे धडे देणे, ही क्रूर थट्टा आहे.

मग करावयाचे काय? उत्तराची दिशा या दोन तालुक्यांच्या अंगवळणी पडलेल्या एका शब्दात आहे: सहकार. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेला फ्रेने नावाचा तरुण १९२० साली फ्रान्सच्या दक्षिणेतील एका खेड्यात शिक्षक झाला. फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. म्हणून तो मुलांना गावात हिंडवून आणी, कारागिरांकडे नेई, आणि परत आल्यावर मुले जे सांगत ते वर्गातल्या लहानशा छापखान्यावर मुलांकडूनच छापून घेई. दुसऱ्या गावच्या शिक्षकाने तेच सुरू केले, शाळाशाळांत छापील पानांची देवघेव होऊ लागली. पुढे या शिक्षकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. साहित्य तीच बनवी, मासिक तीच चालवी, वार्षिक अधिवेशन तीच भरवी. खात्याने बोलावलेली माणसे ती नव्हती. उजव्या मंडळींनी ओरड केल्यावर फ्रेनेला सरकारी शाळा सोडावी लागली, संस्था टिकली. जपानमधील प्राथमिक शिक्षकांची प्रथाही अशीच बोलकी आहे: चार-पाच जणांनी मिळून एक पाठ आखावयाचा, एकाने तो खऱ्या वर्गात घ्यावयाचा, इतरांनी मागे उभे राहून मुलांकडे पाहावयाचे, आणि नंतर मुलांनी काय केले एवढ्यावरच बोलावयाचे. तेथे टेबलावर भाग असतो.

आपल्याकडे शिक्षकांचा सहकार नाही असे कोण म्हणेल? शिक्षकांच्या पतसंस्था आहेत, त्यांची उलाढाल मोठी आहे, आणि त्यांच्या निवडणुका इतक्या चुरशीने होतात की विधानसभेच्या उमेदवारानेही धडा घ्यावा. घर बांधण्यासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी एकत्र येणारे शिक्षक वर्गातील अडचणीसाठी मात्र खात्याच्या निमंत्रणाची वाट पाहतात. संघटनांनीही वेतनश्रेणी, बदल्या आणि जुनी पेन्शन यांपलीकडे शिकवण्याचा प्रश्न आपला मानलेला नाही. या मागण्या न्याय्य आहेत, त्यांसाठी लढलेच पाहिजे. पण आपल्या कामाच्या पद्धतीवरचा हक्क हाही कामगाराचाच हक्क आहे. तो सोडून दिला की उरते ती नुसती अंमलबजावणी. आणखी एक कटू गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या पुष्कळांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत जातात. गाव हे पाहत असते, आणि शाळा वाचवण्याच्या मोर्च्यात कोण किती मनाने चालतो आहे हेही गावाला कळते.

दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी म्हणून सुरुवात लहान करावी. शेजारच्या चार-पाच शाळांचा एक गट. सभागृह नको, प्रमाणपत्र नको. बैठक शाळेतच, मुले असताना. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे आहेत. त्यांनी गुरुजींची अनुपस्थिती मोजण्याआधी दोन शिक्षक वर्गात असावेत यासाठी पंचायत समितीत जाऊन बसावे, केंद्रप्रमुखाचे पद रिकामे असेल तर त्याचा जाब विचारावा, आणि गटाच्या बैठकीच्या दिवशी दुसऱ्या शाळेतला वर्ग सांभाळायला निवृत्त शिक्षक किंवा गावातील शिकलेली मुलगी मानधनावर मिळेल अशी तरतूद मागावी. पतसंस्थेच्या नफ्यातला लहानसा हिस्सा या गटांच्या साहित्यासाठी ठेवण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडता येईल. मांडणाऱ्याला टाळ्या कमी मिळतील.

दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होते. त्याआधी भवानीनगर किंवा माळेगाव परिसरातील एका शाळेत पहिला गट बसावा आणि कोपीतून येणाऱ्या त्या आठ वर्षांच्या मुलाचा एकच प्रश्न पुढे ठेवावा. त्याच्यासाठी पहिल्या आठवड्याचे पाच पाठ मिळून आखावेत. एकाने ते घ्यावेत, चौघांनी मुलाकडे पाहावे, आणि जे फसले ते आधी लिहावे. मार्चअखेर टायरगाड्या परत निघतील तेव्हा त्याच पाच शिक्षकांनी पुन्हा बसून हमी पत्रकाबरोबर मुलाने किती वाचन नेले ते मोजावे, आणि तो कागद त्याच्या गावच्या गुरुजींना टपालाने पाठवून द्यावा.